चतकोर गोळी

आमच्या घरात अडकित्त्याने सुपारी कातरणं बंद झालं आणि गोळी कातरणं सुरू झालं, ते आबांना परळच्या इस्पितळातून घरी आणलं त्या थंडीत. साल त्र्याऐंशी संपत आलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, सोमा. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटात ते बांधकाम खात्याचे मैलकुली होते. रस्त्याचा एक ठरलेला तुकडा त्यांच्या ताब्यात असे. दरड आली की माती ओढायची, गटार मोकळं करायचं, खड्ड्यात खडी भरायची. त्या तुकड्याबद्दल ते असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीचा घाट सरकारचा आणि तेवढा यांच्या बापाचा.

मी महाडला प्राथमिक शाळेत शिकवत होते. आठवडाभर तिथे एका खोलीत राहायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरून घरी यायचं. माझं लग्न राहून गेलं होतं. त्यावर बोलायला येणारे पाहुणे आता आबांच्या आजारावर बोलायचे, एवढाच त्या आजाराचा मला झालेला फायदा.

त्या वर्षीच्या पावसात आबांना चढ चढवेना. चार पावलं टाकली की कठड्यावर बसायचे. मग पाय सुजले, पोट फुगलं, आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून घरातल्या खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. परळच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि उजेडाच्या काचेवर लावला. बरगड्यांच्या पिंजऱ्यात एक पांढरा गोळा होता, डाव्या बाजूला पार कडेपर्यंत जाऊन टेकलेला.

"हे हृदय," डॉक्टर म्हणाला. "एवढं मोठं नसतं. स्नायू सैल पडलाय, म्हणून फुगलंय. आत जोर राहिलेला नाही."

डॉक्टर तरुण होता, घाईचा होता, पण खोटं बोलत नव्हता. सूज उतरवायच्या गोळ्या तर त्याने दिल्याच, शिवाय आणखी एक पांढरी बारीक गोळी दिली. तिला बीटा ब्लॉकर म्हणतात, असं त्याने मला मास्तरीण म्हणून सांगितलं. "चढावर बैल दमला की आपण त्याला पराणी टोचतो. यांचं शरीर दमलेल्या हृदयाला तसंच टोचत बसलंय, पळ, पळ. ही गोळी पराणी काढून घेते. आमची पुस्तकं म्हणतात, अशा रोग्याला ही देऊ नये. पण स्वीडनमध्ये काही डॉक्टरांनी थोडी थोडी देऊन पाहिली आणि रोगी सुधारले. मीही मोजक्या लोकांना देतोय. चतकोरापासून सुरू करायची, सावकाश वाढवायची. सुरुवातीला जास्त दमल्यासारखं वाटेल. घाबरून बंद करू नका. बरं वाटलं तरी बंद करू नका."

"म्हंजे ट्रकाला चढावर रेस कमी द्यायची," आबा म्हणाले. डॉक्टर हसला. मला वाटलं, यांना माझ्याआधी कळलं.

महाडचे आमचे डॉक्टर मात्र चिठ्ठी वाचून खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, ही गोळी मी ब्लडप्रेशरवाल्यांना देतो. तुमच्या आत्यालाच चालू आहे, सोनाबाईला. दमलेल्या हृदयाला कुणी ही देतं का? आधीच विझत आलेल्या चुलीवर पाणी ओतायचं?" मग चष्मा पुसून म्हणाले, "परळचे मोठे लोक आहेत. द्या. पण दर आठवड्याला मला दाखवा." वयस्कर माणूस, मनाने चांगला. त्यांचं बोलणं आईने दारात उभं राहून ऐकलं होतं.

आबांची तंबाखू सुटली होती, म्हणून त्यांची चंची रिकामी झाली होती. आईने ती धुऊन वाळवली आणि तिच्यात गोळ्यांचे तुकडे ठेवायला लागली. चुन्याच्या कप्प्यात सूज उतरवायच्या गोळ्या, सुपारीच्या कप्प्यात या कातरलेल्या. अडकित्त्यात गोळी धरून ती असा दाब द्यायची की चारही तुकडे सारखे पडायचे.

माझ्या आईचं, जानकीबाईचं, एक वेगळंच नाव होतं आमच्या वाडीत. भाताचं बी निवडायला लोक तिला बोलवायचे. मूठभर दाणे हातात घेऊन ती सांगायची, भरलेलं किती आणि पोचट किती. खात्री हवी असेल तर पाण्यात टाकायची. बुडालं ते पेरायचं, तरंगलं ते कोंबड्यांना. तिचा अंदाज चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. मराठा आळीतल्या शेतकऱ्यांनाही तिचा शब्द लागायचा, फक्त तो दाणा तिने अंगणात बसून पाहायचा, घरात येऊन नाही. माझा या गोष्टीवर अजून राग आहे, पण तो या गोष्टीत आणत नाही.

पहिले आठवडे वाईट गेले. आबांच्या हातापायांत गारठा आला. घास उचलायलाही कंटाळायचे. आई म्हणाली, "हे औषध हाय का इख?" मी ट्रंककॉल लावून परळला विचारलं, डॉक्टर म्हणाला, चालू ठेवा. मी चालू ठेवायला सांगितलं. आईने चालू ठेवलं.

मग शिमग्याच्या सुमारास आबा आडवे होऊन झोपायला लागले. पायांची सूज उतरली, चपला सैल झाल्या. एका शनिवारी मी आले तर खांबाजवळ कुणी नव्हतं. आबा घाटाच्या तोंडापर्यंत चालत गेले होते आणि नव्या मैलकुलीला गटार कसं काढायचं ते शिकवून, म्हणजे त्याला शिव्या देऊन, परत येत होते. मी कट्ट्यावर बसून त्यांना येताना पाहिलं. खूप बरं वाटलं. त्यानंतर मला तसं बरं कधी वाटलेलं नाही, म्हणून ते नोंदवून ठेवते.

पावसाच्या तोंडावर आम्ही तिघं परळला गेलो. पुन्हा फोटो काढला. डॉक्टरने जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली आणि एकदम ओरडला. बाजूच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावून आणलं. पांढरा गोळा खरंच आखडला होता. बरगडीपासून सुटून आत सरकला होता.

"लहान झालं!" तो आईला म्हणाला. "बघा बाई, केवढं होतं, केवढं झालं."

आई पुढे गेली. तिने जुन्या फिल्मवर वीत ठेवली, मग तीच वीत न हलवता नव्या फिल्मवर आणली. अंगठा गोळ्यावर होता, करंगळी बाहेर काळ्यात. शर्ट काढून बसलेल्या आबांकडे तिने वळून पाहिलं. सूज गेल्यामुळे त्यांची छाती, दंड, सगळं आत गेलं होतं. डॉक्टरने आनंदात दोन्ही फिल्म आम्हाला देऊन टाकल्या.

परतीच्या एसटीने माणगाव सोडलं. आबा खिडकीला डोकं लावून झोपले होते.

"शकू गो," आई हळूच म्हणाली, "आजून किती ल्हान व्हनार ता?"

"जितकं होईल तितकं बरं, आये," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पदर डोक्यावरून घेऊन बाहेर बघत बसली.

पावसात मला दर शनिवारी घरी येता आलं नाही. सावित्री नदीला पाणी आलं की महाडातून निघायचीच पंचाईत, आबांना दर आठवड्याला डॉक्टरांना दाखवणंही त्यात राहून गेलं. आले तेव्हा सगळं चांगलंच दिसलं. आबांचे हात गरम लागत होते. आवाज चढा झाला होता. आई खुशीत होती. "बघ, कसं अंग धरलंय त्यांनी," ती म्हणाली. खरंच गाल भरले होते. पिशवीतले खडूचे तुकडे मी नेहमीसारखे कोनाड्यात ठेवले. वर्गात उरलेले बोटभर तुकडे मी तिच्यासाठी आणायची, मुंग्या येऊ नयेत म्हणून ती डब्यांभोवती रेघ ओढायची. गुळाच्या डब्याला त्या दिवशी मुंग्या लागल्या होत्या. मी त्या झटकल्या.

भात पोटरीत आलं तेव्हा शाळेत निरोप आला. आबांना महाडच्या दवाखान्यात आणलं होतं. पाहिलं तर ते पुन्हा बसल्या बसल्या श्वास ओढत होते, आणि मी भरलेले गाल म्हणून बघितलं होतं ती सूज होती. पाय खांबासारखे. नाडी धावत होती. महाडचे डॉक्टर म्हणाले, "ती गोळी चालू असती तर नाडी एवढी पळाली नसती. चालू आहे ना?"

"हाय की," आई म्हणाली. "माज्या हातानं देते."

डॉक्टरने मला सगळी औषधं आणायला घरी पाठवलं. मी पोलादपूरची गाडी धरली, घर उघडलं, खुंटीवरची चंची काढली आणि आत बोट घातलं.

ज्या बाईने इतकी वर्षं खडू धरलाय तिला तो बघावा लागत नाही. तरी मी तो चतकोर तुकडा पाट्यावर ओढून पाहिला. काळ्या दगडावर पांढरी रेघ उमटली. दुसरा ओढला. तिसरा ओढला. सगळे सारखे कातरलेले, अगदी नेटके. सूज उतरवायच्या गोळ्याही जितक्या हव्या तितक्या संपलेल्या नव्हत्या. मी रेघा ओल्या फडक्याने पुसल्या, पाटा जागेवर ठेवला, कुलूप लावलं. गाडीला वेळ होता म्हणून स्टँडवर उभी राहिले. मला काही वाटत नव्हतं. राग यायला हवा होता, तो कुठेतरी वाटेत होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आई बसली होती. मी चंची तिच्या पुढ्यात उघडली. तिने लपवलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "बंद केली मी. पाऊस सुरू झाला तवाच."

"का?"

"तू पायलंस नाय? आटत चालला व्हता मानूस. भरल्याला दाना व्हता, त्याचा पोचा केला त्या गोळीनं. रातीला छातीवर कान ठेवला तर पयल्यासारखा ठोकाबी येत नव्हता. बारीक बारीक. आनि तू म्हनालीस, जितकं ल्हान व्हईल तितकं बरं. म्हंजे संपंपर्यंत?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "हाताला उब आली बग बंद केल्यावर. अंग धरलं. आता ही सूज कशानं आली ती देव जानं. आधीच आटल्यालं काळीज, किती पुरनार."

मला ओरडायचं होतं. सांगायचं होतं की भात आणि हृदय एक नसतं. तोंडातून निघालं ते, "चहा घेतलास का?"

"नाय घेतला," ती म्हणाली.

मी खाली जाऊन चहा आणला. तिने बशीत ओतून फुंकर मारत प्यायला.

परळला फोन लागला. डॉक्टर म्हणाला, आता लगेच ती गोळी सुरू करू नका, आधी छातीतलं पाणी उतरवा, मग पुन्हा चतकोरापासून. "वेळ लागेल," तो म्हणाला. "मागच्या वेळेसारखेच महिने लागतील." महाडच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, प्राणवायू लावला. जे करायचं ते सगळं त्यांनी केलं.

आई दुपारी कपडे धुवायला नळावर गेली तेव्हा आबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. वाक्य एका दमात होत नव्हतं.

"चंची आनलीस?"

"आणली."

"खडू व्हता ना?"

मी चंची त्यांच्या उशाशी ठेवली.

"ल्हानपनी पाटीवरची पेन्सिल खायाचो मी. मास्तरचा खडूबी. मार खाल्लाय त्यापायी. चव इसरतो काय मानूस?" ते हसले, म्हणजे ओठ हलले.

"मग घेतलात कशाला, आबा?"

ते श्वास जमवत राहिले. "गोळी चालू व्हती तवर तुजी आये झोपत नव्हती. रातभर छातीवर कान. खडू चालू झाला... आनि घोरायला लागली." पुन्हा थांबले. "मलाबी वाटलं, ती सांगते ता खरं असंल. दान्यातलं तिला कळतं."

नळावरून बादलीचा आवाज येत होता.

"कशानं झालं ता तिला सांगू नको," आबा म्हणाले. "मानूस जातो तो जातो. तिला जगायचं हाय."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

पाणी उतरायला तयार नव्हतं. गोळी पुन्हा सुरू करायची वेळ आलीच नाही. आबा गेले ते सकाळी, आई त्यांचं तोंड पुसत असताना. मी शाळेत कळवलं, लाकडांची व्यवस्था केली, पांढरं कापड आणलं, मुंबईच्या भाऊबंदांना तारा केल्या. सगळे म्हणाले, पोरगी धीराची. धीर वगैरे काही नव्हतं. हात चालत होते आणि मी त्यांच्या मागे चालत होते.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. सोनाबाई आत्या, आबांची थोरली बहीण, तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दारात बसलो होतो. आईने आत जाऊन पहिली फिल्म आणली. नवीचं तिने काय केलं होतं कुणास ठाऊक, मी विचारलं नाही. जुनी फिल्म तिने दाराच्या उजेडात धरली.

"ह्यो बग वन्सं, तुजा भाऊ. कसा भरल्याला व्हता. मग त्या गोळीनं आटवला. मला उमगाया उशीर झाला. आधीच बंद केली असती तर..." मग माझ्याकडे वळली. "शकू, तू शिकल्याली हायस. उशीर केला ना मी?"

ती उत्तराची वाट बघत होती. आबांना दिलेला शब्द माझ्या तोंडात होता. मी तोच वापरला.

"नाही आये. तू काही उशीर केला नाहीस. तू जे केलंस ते वेळेवर केलंस."

तिने श्वास सोडला. खांदे खाली आले. मला तिची कीव आली आणि स्वतःची किळस, दोन्ही एकदम, आणि दोन्ही लांबून.

सोनाबाई आत्याने फिल्मवरून नजर काढली. "म्हंजे ती पांढरी बारीक गोळी ना? डाक्टरनं मला परेशरला दिलीय तीच?" तिने कमरेची पिशवी चाचपली. "मग मी तरी कशाला खाऊ? माजंबी आटंल. उद्यापास्न बंद."

"करच बंद," आई म्हणाली. "आजपास्न कर. माज्यासारखा उशीर करू नको. ऐकलंस ना मास्तरीन काय म्हनाली?"

मी दाराच्या चौकटीला हात लावला. आत्या साठीची होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, ही गोळी एकाएकी सोडायची नाही, ते मी स्वतः तिच्यासोबत ऐकलं होतं. तिचं सगळं घर तिच्यावर उभं होतं. आबा गेले होते, त्यांना दिलेला शब्द जिवंत होता, आणि आत्याही जिवंत होती.

"नको, आत्या," मी म्हणाले. "ती गोळी बंद करायची नसते."

"का गो?" हे आत्याने विचारलं नाही. आईने विचारलं.

आता एकदा तोंड उघडलं होतं.

"बंद केली की सगळं मागे जातं, आये. त्याहून वाईट होतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. बी निवडताना ती अशीच बघायची, घाई न करता, एकेक दाणा उलटून. मग तिने फिल्मकडे पाहिलं. वीत पसरून पुन्हा तिच्यावर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवून बसली.

"फुगल्यालं व्हतं," ती म्हणाली. "भरल्यालं नव्हतं."

तिला माझ्या उत्तराची गरज नव्हती.

तिने फिल्म जमिनीवर पालथी घातली आणि उठून आत गेली. कणगीत हात घालून ती काहीतरी शोधत होती. तिने कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आली तेव्हा हाताला तूस लागलं होतं आणि मुठीत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, पावसापासूनच्या, एकही न फोडलेली. औषध टाकायचं नाही म्हणून तिने त्या भातात जपून ठेवल्या होत्या.

त्या पट्ट्या तिने आत्याच्या पदरात टाकल्या.

"डाक्टरला दावून खा," आई म्हणाली. "खडू नाय त्यात."

आबा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं. आई रडली नाही. ती माझ्या शेजारी बसली आणि हाताचं तूस एकेक करून काढत राहिली.